घोडेवाल्याचं गाव

तो घोडेवाल्याचा कार्यक्रम मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकताना मी त्याची आठवण काढून गळे काढते आहे असा कोणाचा समज व्हायला नको. गळे काढणारा माणूस माझा नवरा. मला विचाराल तर दर आठवड्याला तेच. उजाड माळरान, एक टोपीवाला घोड्यावरून येतो, गावात दारूच्या गुत्त्यासमोर घोडा बांधतो, आत जातो, पेला रिकामा करतो, मग कुणाशी तरी भांडण, ठायठाय गोळ्या, आणि शेवटी हा पुन्हा घोड्यावर बसून निघून जातो. बायको नाही, पोर नाही, चूल नाही. गावात बाई एकच, ती पेले पुसत उभी. तिला कधी कोणी बोलू दिलं नाही.

पण देवीदास, म्हणजे माझा नवरा, त्या कार्यक्रमासाठी जीव टाकायचा. तो सौसरला विजेच्या लाइनवर कामाला. चौऱ्याऐंशी साली आम्ही टीव्ही घेतला तेव्हा आमच्या मोहल्ल्यात तो पहिलाच. आम्ही बौद्ध, वस्ती गावाच्या टोकाला, पण चित्र पाहायचं तर अख्ख्या सौसरला आमच्याकडेच यावं लागे. कारण चित्र यायचं नागपूरहून, आणि ते पकडायला अँटेना उंच हवा. लाइनमनच्या घरी पाइपला काय तोटा! देवीदासनं मागच्या भिंतीला टेकवून पाइपावर पाइप चढवला, तारांनी चहूबाजूंनी ताणून बांधला आणि अँटेनाचं तोंड नागपूरकडे केलं. वारा सुटला की तोंड फिरायचं. मग तो भिंतीवर चढून पाइप धरून ओरडायचा, "आला का?" आम्ही घरातून, "आला! आला! गेला!"

गावात टीव्ही आणखी दोघातिघांकडे होते, पण त्यांच्या पडद्यावर घोडा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फ यांत फरक कळत नसे. म्हणून मोरेश्वर गुरुजी आमच्याकडे येऊ लागले.

गुरुजी शाळेत इंग्रजी शिकवत. धोतर-टोपीतले नव्हेत, पँट-बुशशर्टवाले, पण घराणं जुनं, सोवळ्याओवळ्याचं. घोड्यांचा त्यांना लहानपणापासून नाद. देवीदासकडे चित्र होतं आणि गुरुजींकडे इंग्रजी. दोघांचं एकमेकांवाचून भागत नव्हतं. गुरुजी लोखंडी खुर्चीवर बसून आम्हा सगळ्यांना मराठीत अर्थ सांगत. बायका बसलेल्या असत म्हणून ते दारूला सरबत म्हणत. टोपीवाला तीन पेले सरबत पिऊन झोकांड्या खात बाहेर पडायचा, आणि आम्ही पदराआड हसायचो.

आता चहाचं सांगते. पहिल्या शुक्रवारी मी चहा केला तर गुरुजी म्हणाले, "आज माझा उपास, मंगलाबाई." कार्यक्रम शुक्रवारीच असायचा, त्यामुळे दर खेपेला उपास. उपासाला चहा चालतो हे साऱ्या सौसरला ठाऊक, पण मी काही बोलले नाही. देवीदास म्हणायचा, "राहू दे वं. येऊन राहिले ना, तेच लय झालं." मग एक दिवस नागपूरवाल्यांनी कार्यक्रम उचलून बुधवारी टाकला. पहिल्या बुधवारी मी कप गुरुजींच्या पुढ्यात ठेवला आणि तिथंच उभी राहिले. गुरुजींनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बुधवारचा उपास त्यांना सुचला नाही. घेतला कप, प्यायले, आणि "साखर जरा कमी चालेल" म्हणाले. पुढच्या खेपेपासून मी साखर कमी टाकू लागले. तो प्रश्न तिथं मिटला.

देवीदासला त्या कार्यक्रमात काय आवडायचं, तर गोळ्या नव्हे. टोपीवाला गुत्त्यात शिरायचा, दुकानदार त्याच्याकडे पाहून काहीतरी बोलायचा आणि पेला सरकवायचा. गुरुजी अर्थ सांगायचे, "दुकानदार म्हणतो, लांबून आलास, दमला असशील, आधी बस." दर वेळी हेच. आणि दर वेळी देवीदास मांडीवर थाप मारून म्हणायचा, "पाह्य! कोनी नाव नाई पुसलं त्याले!"

हे इतकं का आवडावं, ते मी सांगते. त्याचं काम खेड्यापाड्यांतलं. लोधीखेड्यापासून तिगावपर्यंत कुठं तार तुटली की हा सायकलवर. गाव अंधारात असतं तेव्हा लाइनमनला किती मान! "साहेब, जरा सांभाळून, साहेब, खांब ओला आहे." दिवे लागले, हा खाली उतरला, घामाघूम होऊन पाणी मागितलं की कोणीतरी विचारणारच, "नाव काय?" देवीदास. "देवीदास काय?" आडनाव कळलं की तांब्या हातात यायच्या ऐवजी ओंजळीत वरून पाणी यायचं. सगळीकडे नाही, पण कुठं येईल याचा नेम नाही. तो घरी येऊन सांगायचा नाही. मला त्याच्या बाहीवरून कळायचं, कोपरापर्यंत ओली असली की. म्हणून त्याला ते घोडेवाल्याचं गाव आवडायचं. अनोळखी माणूस येतो, बसतो, पितो, आणि तू कोणाचा कोण असं कोणी म्हणत नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींची मुलगी रजनी त्यांच्यासोबत आली. नागपूरला कॉलेजात होती, हुशार पोरगी. त्या दिवशी वारा फार, देवीदास मागच्या भिंतीवर पाइप धरून. टोपीवाला आत शिरला, दुकानदार बोलला, गुरुजींनी अर्थ सांगितला, "लांबून आलास, दमला असशील, आधी बस."

रजनी म्हणाली, "बाबा, तो असं नाही म्हणत. तो विचारतो आहे, कोण तू, कुठला, कोणाचा माणूस."

"रजनी, बाकीच्यांना ऐकू दे," गुरुजी म्हणाले.

"पण बाबा, आता परत विचारलं त्यानं. नाव सांग म्हणतो, तोवर—"

"गप बस म्हटलं ना!"

शाळेतल्या पोरांवरसुद्धा कधी आवाज न चढवणारा माणूस. रजनीनं माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं, आणि तिला समजलं. मलाही समजलं. बाहेरून देवीदास ओरडला, "आला का?" मी म्हटलं, "आला, आला. तसाच धरून ठेवा."

आधी मला रागच आला. आम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून हा माणूस मनचं सांगतो! पण अंथरुणावर पडल्यावर विचार केला. मनचं सांगायचं तर त्यानं काहीही सांगितलं असतं. त्यानं नेमका तो एक प्रश्न गाळला. आमच्या घरात, आमच्या खुर्चीवर बसून, 'कोणाचा कोण तू' हे शब्द त्याच्या तोंडातून निघत नव्हते. त्याला लाज वाटत होती. खरं सांगते, मला गुरुजी त्या दिवशी पहिल्यांदा आवडले. देवीदासला मी काही सांगितलं नाही. बुधवारची त्याची खुशी मला मोडायची नव्हती.

आणि मग एका बुधवारी घोडेवाला आलाच नाही. त्याच्या जागी हिंदी मालिका सुरू झाली. सासू, सून, दोन दीर, रेशनकार्ड. देवीदासला वाटलं अँटेनाचं तोंड फिरलं. तो भिंतीवर चढला आणि पाइप फिरवत बसला. "आला का?" आम्ही सांगतो, चित्र चांगलं येऊन राहिलं, पण घोडेवाला नाही. तो म्हणे, "मंग तोंड दुसरीकडं असंल!" जामसावळीकडे फिरवलं, पांढुर्ण्याकडे फिरवलं. सगळीकडून बर्फ. शेवटी नागपूरकडे आणलं तर पुन्हा तीच सासू. आमच्या मोहल्ल्यात अजून त्यावरून त्याची टर उडवतात. पण मला त्या दिवशी हसू आलं नव्हतं. पाइप धरलेल्या माणसाचा चेहरा मी खिडकीतून पाहत होते.

कार्यक्रम का बंद झाला, यावर मग बरेच दिवस चर्चा. सायकलवाला हिरामण म्हणाला, "घोडे बुढे झाले असतीन. माणूस बदलवता येते, शिकवलेला घोडा कुठून आणता?" गुरुजींनी इंग्रजी पेपरात काहीतरी वाचलं होतं. ते म्हणाले, "अमेरिकेत हे कधीचंच संपलं, देवीदास. तिकडची माणसं शहरात राहायला गेली. आता त्यांना मोटारीतले पोलीस पाहायला आवडतात. घोडे, माळरान, तेच ते भांडण, लोकांना कंटाळा आला. जाहिरातवाले म्हणाले, हे पाहतात ते म्हातारे, आणि म्हातारे काही विकत घेत नाहीत."

"कधी संपलं म्हणता?"

"झाली असतील दहा वर्षं."

देवीदास म्हणाला, "म्हणजे आपण पाहून राहिलो होतो, तवाच ते बंद झालं होतं?"

"हो. जुनं होतं ते. आपल्याकडे उशिरा आलं."

हे त्याच्या मनाला फार लागलं. दोन दिवस नीट जेवला नाही.

माझं म्हणणं मी कोणाला सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही. पण बिनघराचा माणूस दर आठवड्याला कोण पाहणार? आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना ती हिंदी सासू पहिल्या दिवसापासून आवडली. मलाही आवडली. तिच्या घरात निदान पोळ्या लाटल्या जात होत्या.

घोडेवाला गेला तसे गुरुजीही यायचे थांबले. मालिका हिंदीत, तिचा अर्थ सांगायला कोण लागतं? सुरुवातीला दोनतीन बुधवार आले, मग नाही. देवीदास बुधवारी लोखंडी खुर्ची पुसून मांडून ठेवायचा. मी म्हणायची, "कोणासाठी?" तो म्हणायचा, "असू दे." त्याला कार्यक्रम परत हवा होता असं तो म्हणे. मला कळत होतं की त्याला ती खुर्ची भरलेली हवी होती. गुरुजी येऊन बसत, कमी साखरेचा चहा पीत, तेव्हा माझा नवरा आपण घोडेवाल्याच्या गावात राहतो असं समजत होता.

सत्त्याऐंशीच्या सुमारास जवळ टीव्हीचा नवा मनोरा झाला, चित्र सगळीकडे लख्ख येऊ लागलं, आणि गुरुजींनी रंगीत टीव्ही घेतला. एक दिवस बाजारात देवीदासला भेटून म्हणाले, "रविवारी सकाळी येऊन अँटेना बसवून दे बाबा, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही. मंगलाबाईलाही आण. सगळे मिळून पाहू."

देवीदासनं त्या रविवारी लग्नाला जायचा शर्ट घातला. पान्हे-पक्कडीची पिशवी खांद्याला आणि अंगात लग्नातला शर्ट! मी म्हटलं, "कामाले चालले का सोयरीकीले?" तो म्हणाला, "दोन्हीले."

गुरुजींच्या घरी त्यांचा मेहुणा सुरेश पांढुर्ण्याहून आलेला होता. कापडाचं दुकान, बोलका माणूस. गुरुजींच्या पत्नी विजयाबाईंनी मला सतरंजीवर बसवलं. देवीदास गच्चीवर गेला, अँटेना बांधला, वरून ओरडला, "आला का?" सुरेशभाऊ घरातून ओरडले, "वा वा! एकदम रंगीत! या लाइनमनसाहेब, खाली या!" आणि सोफ्यावर सरकून त्यांनी शेजारी जागा केली. देवीदास खाली आला, हात धुतले, दारात पाय पुसले.

"बसा, बसा. झकास काम केलं. नाव काय तुमचं?"

"देवीदास."

"देवीदास काय?"

"देवीदास सुखदेव."

"ते वडलांचं झालं हो. आडनाव?"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते टीव्हीच्या बटणाशी होते. चित्र तर केव्हाच आलं होतं, तरी ते बटण फिरवत होते. चेहरा लाल, पांढरा, पुन्हा लाल.

"गजभिये," देवीदास म्हणाला.

"अच्छा, अच्छा," सुरेशभाऊ म्हणाले. वाईट काही बोलले नाहीत. आवाजही बदलला नाही. फक्त तिपाईवरचं वर्तमानपत्र उचलून त्यांनी ते सोफ्यावरच्या रिकाम्या जागेत ठेवलं.

गुरुजींनी ते पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं. ते परत बटणाकडे वळले.

देवीदास माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन बसला. विजयाबाईंनी चहा आणला तो सगळ्यांना एकसारख्या कपांत, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या बाईवर अन्याय नको. आम्ही चहा प्यायलो, रविवारची पौराणिक मालिका अर्धी पाहिली आणि उठलो. गुरुजी म्हणाले, "थांबा ना." देवीदास म्हणाला, "ड्यूटी आहे." रविवारी त्याला ड्यूटी नव्हती.

रस्त्यात माणूस नाही. सगळे घराघरांत टीव्हीसमोर. देवीदास पुढे, मी मागे. बसस्टँडपाशी तो थांबला आणि म्हणाला, "घोडेवाल्याच्या गावात असं नसतं झालं. तिथं कोनी पुसत नव्हतं."

माझा इतकी वर्षं धरलेला धीर सुटला. "पुसत होते," मी म्हटलं. "तिथंबी पुसत होते. कोण तू, कुठला, कोणाचा माणूस, दर खेपेले पुसत होते. गुरुजी आपल्याले सांगत नव्हते. रजनीनं सांगतलं तवा तुम्ही भिंतीवर होते."

मला वाटलं तो चिडेल, नाहीतर रडेल. त्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे असं पुसू नाही, हे गुरुजीले माहीत होतं."

"माहीत होतं."

"मंग आज काऊन चूप राहिले?"

मी म्हटलं, "चला घरी." तो म्हणाला, "नाई. चाल." आणि उलटा फिरला. मी त्याला दोनदा आवाज दिला, तिसऱ्यांदा दिला नाही, पदर खोचला आणि मागे गेले. मलाही ऐकायचं होतं.

गुरुजींनीच दार उघडलं. आतून टीव्हीचा शंख वाजत होता. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि दार मागे ओढून घेत ते ओट्यावर आले.

"गुरुजी, एक पुसाचं होतं," देवीदास म्हणाला. "आमच्या घरी तुम्ही दोन वर्षं कोनालेच घोडेवाल्याचं नाव पुसू नाई देलं. परदेशातल्या दुकानदारालेबी नाई. आज तुमच्या घरात तुम्ही काऊन चूप राहिले?"

गुरुजींनी नाकारलं नाही, तेवढं मी त्यांच्या पदरात घालते. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "तुझ्या घरी सोपं होतं, देवीदास."

माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं की सांगता सोय नाही. पण देवीदासनं मान हलवली, तारेचा बिघाड नेमका कुठं आहे हे सापडल्यावर हलवतो तशी.

"मंग असं करा," तो म्हणाला, "येत्या बुधवारी सुरेशभाऊले घेऊन आमच्या घरी या."

गुरुजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आतून सुरेशभाऊंनी हाक मारली, "कोण आहे हो, भाऊजी?" गुरुजींनी वळून दाराकडे पाहिलं. मग थोड्या मोठ्या आवाजात म्हणाले, "माझा मित्र आहे." आणि पायात चपला सरकवून आम्हाला बसस्टँडपर्यंत सोडायला आले.

माझ्या नवऱ्याला तेवढं पुरलं. घरी येऊन तो पोटभर जेवला. मला नाही पुरलं. बंद दाराबाहेर मित्र म्हणणं आणि सोफ्यावरचं वर्तमानपत्र उचलणं यांत अंतर आहे, आणि ते मी गुरुजींना बुधवारी तोंडावर सांगणार होते. सुरेशभाऊंसमोर.

बुधवारी मी दोन खुर्च्या मांडल्या.